जमीनमालक वारला तर कुळाचं काय? कलम ३२ एफची पार्श्वभूमी

जमीनमालक वारला म्हणून कूळ, म्हणजे त्याची जमीन खंडाने (भाड्याने) कसणारा शेतकरी, जात नाही. मालकाच्या जागी त्याचे वारस येतात, वारसनोंदीचा फेरफार होतो आणि कुळाची वहिवाट चालू राहते. १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याखालच्या कुळालाही हेच लागू होतं. तरीही मालक, नेमकं सांगायचं तर मालकीण, वारल्यानंतरच कित्येक कुळांच्या हातून जमीन निसटली. हे कसं झालं ते कळायला थोडं मागे जावं लागतं.

१९३३ साली अलिबागजवळच्या चरी गावात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी खोतांच्या, म्हणजे सरकारसाठी सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या, जमिनी कसायच्या नाहीत असं ठरवलं. उपासमार सोसत हा संप १९३९ पर्यंत चालला. दरम्यान १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मुंबई विधिमंडळात मांडलं. १९३९ चा कूळ कायदा याच रेट्यातून आला, आणि पुढे १९४८ चा. मराठवाड्याला हैदराबाद राज्याचा १९५० चा आणि विदर्भाला १९५८ चा वेगळा कायदा लागू झाला. इथली गोष्ट उरलेल्या महाराष्ट्राची.

१९५६ च्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी जमीन कसणारं कूळ कायद्याने खरेदीदार मानलं गेलं. मात्र मालक अज्ञान (वयाने सज्ञान न झालेला), विधवा किंवा शरीराने वा मनाने अपंग असेल तर ही खरेदी पुढे ढकलली गेली. सवलत योग्यच होती. विधवेच्या चरितार्थाचा आधार एका तारखेला काढून घेणं अन्यायाचं ठरलं असतं.

अडचण तिच्या मृत्यूनंतरची होती. ती वारल्यावर स्वतः कसण्यासाठी जमीन परत मागायला वारसाला एक वर्ष. ते संपलं की कलम ३२ एफनुसार पुढच्या एका वर्षात कुळाने जमीन विकत घेण्याचा इरादा मालकाला आणि शेतजमीन न्यायाधिकरणाला कळवायचा. नाही कळवला तर खरेदीचा हक्क गेला. आता मालकीण पुण्या-मुंबईला राहणारी, खंड न्यायला येणारा कारभारी तोच, तर ती कोणत्या तारखेला वारली हे कुळाला सांगणार कोण? १९६९ च्या दुरुस्तीने सज्ञान झालेल्या मालकावर कुळाला तसं कळवण्याची जबाबदारी टाकली. विधवेच्या वारसाबद्दल मात्र कायदा गप्प राहिला.

१९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलमाचा शब्दशः अर्थ लावला: मुदतीत कळवलं नाही, म्हणून हक्क संपला. पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या माणसाला, त्याला माहीतच नसलेल्या तारखेवरून बेदखल करणं हे कूळ कायद्याच्या हेतूच्या अगदी उलट होतं. सप्टेंबर २०१९ मध्ये न्या. रोहिंटन नरिमन यांच्या अध्यक्षतेखालील तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ही भूमिका बदलली. अज्ञान मालकाच्या कुळाला सूचना मिळणार आणि विधवेच्या कुळाला नाही, हा भेद समानतेच्या तत्त्वात बसत नाही. वारसानेही कुळाला कळवलं पाहिजे. कृषक दिनानंतर हे ठरायला ६२ वर्षं लागली.

याच कायद्याचं एक टोक आजच्या बटाईदारापर्यंत, म्हणजे पिकाच्या वाट्यावर दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यापर्यंत, पोहोचतं. कलम ३२ ओ प्रमाणे कृषक दिनानंतर लागलेल्या कुळालाही खरेदीचा हक्क आहे. त्यामुळे ‘कूळ लागेल’ या धास्तीने मालक कागद करत नाहीत. जमीन खंडाने किंवा अर्धलीने (निम्म्या पिकाच्या वाट्यावर) जाते ती तोंडी. असा मालक अचानक वारला, तर सातबाऱ्यावर वारसांची नावं चढतात. कसणाऱ्याचं नाव कुठेच नसतं. उभं पीक कोणाचं, दिलेला खंड पोचला की नाही, हे वारसांच्या सचोटीवर राहतं. कायद्याने त्याला हक्क दिला, पण तो सिद्ध करायला लागणारा कागद त्या हक्काच्या भीतीनेच लिहिला गेला नाही. नीती आयोगाने २०१६ मध्ये भाडेपट्ट्याचा नमुना कायदा सुचवला तो ही भीती काढण्यासाठीच: करार लेखी, मुदत ठरलेली, मालकी मालकाकडेच. तसा कायदा जिथे होईल तिथे मुदत संपेपर्यंत करार मालकाच्या वारसांवरही बंधनकारक राहील, हे स्पष्ट शब्दांत लिहायला हवं.