पीव्हीसी पाईप वाकवायला जाळ लागत नाही

कोल्हापूर परिसरातल्या शेतांत एक समज पक्का बसलाय: उसाच्या पाल्याच्या जाळावर पाईप काळपट होईस्तोवर धरायचा, म्हणजे तो हवा तसा वळतो. हे साफ चुकीचं आहे. पीव्हीसी ८० अंशांच्या आसपासच मऊ पडायला लागतो आणि ११० ते १३० अंशांत नीट वळतो. जाळात वरचा थर करपतो, आतला मात्र कडकच राहतो. करपताना हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सुटते, ती घसा आणि डोळे जाळते. तपकिरी झालेला भाग कापूनच टाका.

पाईपमध्ये कोरडी वाळू ठोकून ठोकून गच्च भरा, दोन्ही तोंडं कापडाच्या बोळ्यानं बंद करा. वाळू ओली नको; वाफ कोंडून बोळा उडतो. ३२ मिमी पाईपला १६ सेंमी त्रिज्येचा काटकोन द्यायचा तर साधारण २५ ते ३० सेंमी लांबी तापवावी लागते. हीट गन (गरम हवा फेकणारं हातातलं यंत्र) थोडी लांब धरून पाईप सतत फिरवा. नुसता मधलाच चार बोटं भाग तापवला की तिथंच घडी पडते. वळवल्यावर ओल्या फडक्यानं गार होईपर्यंत हात सोडू नका.

वळणाची बाहेरची भिंत ताणून पातळ होते. म्हणून मोटरीच्या दाबाच्या लाईनला तयार बेंडच लावा.