वजनाचं ऑपरेशन फक्त बारीक दिसायला नसतं

"ते बारीक व्हायचं ऑपरेशन, त्याचा डायबेटीसशी काय संबंध" हे वर्षानुवर्षं ऐकतोय आणि ते साफ चूक आहे. गॅस्ट्रिक बायपास या वजनाच्या ऑपरेशनमधे जठराची छोटी पिशवी करून ती लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग वगळून थेट त्याच्या पुढच्या भागाला जोडतात, मग अन्न तिथे लवकर पोचतं, जीएलपी-१ हे आतड्यातलं हार्मोन जास्त सुटतं, इन्सुलिनला जोर येतो आणि बऱ्याच जणांची शुगर काही दिवसांतच खाली येते, वजन नीट उतरायच्या आधीच! २०१६ मधे आंतरराष्ट्रीय डायबेटीस संघटनांनी टाइप २ डायबेटीसचा उपचार म्हणून याला मान्यता दिली, आणि आपल्यासारख्या आशियाई लोकांसाठी ऑपरेशनसाठीची बीएमआयची (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) मर्यादा २.५ ने खाली धरलीय. अर्थात डायबेटीस जुना असेल, इन्सुलिन चालू असेल तर फरक कमी पडतो, शुगर परतही येऊ शकते, आणि बी-१२, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या मात्र कायम घ्याव्या लागतात.