इंजिनला डिझेल मारून गंज थांबत नाही

नवी मुंबईत गाडी धुवायला दिली की इंजिनवर शेवटी डिझेलचा फवारा मारणारे आजही भेटतात. ‘खाडीची हवा आहे साहेब, डिझेलने गंज धरत नाही.’

चमक येते, पण ती तेलाची. त्याचा हलका भाग उडून जातो आणि उरलेल्या चिकट थरावर ठाणे-बेलापूर रोडची धूळ बसून काळं किटण जमतं. खरं नुकसान रबराचं. कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) होस म्हणजे पाइप बहुधा ईपीडीएम नावाच्या रबराचे असतात. डिझेल लागत राहिलं की ते फुगतात, मऊ पडतात. बेल्टलाही तेल सोसत नाही. शिवाय तापलेल्या एक्झॉस्टशेजारी जळाऊ तेल कशाला?

ॲल्युमिनियमच्या भागांवर तर तांबडा गंज येतच नाही. पांढरी भुकटी दिसते ती त्याच्या क्षरणाची. बारीक स्क्रबरने हलक्या हाताने घासली की निघते. कॉस्टिक सोडा मात्र लावू नका, तो धातूच खातो. लोखंडी ब्रॅकेट तारेच्या ब्रशने घासून प्राइमर आणि रंग लावा. किटणाला थंड इंजिनवर पाण्यात कालवलेलं डिग्रीजर (तेलकट मळ काढणारं द्रावण) आणि जुना टूथब्रश पुरतो. अल्टरनेटरवर (बॅटरी चार्ज करणाऱ्या भागावर) आधी प्लॅस्टिकची पिशवी बांधा आणि प्रेशरचा पाइप लांबच ठेवा.