कर्ज फिटेनासं झालं तर वकील कसा निवडावा
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमचं काम हिशेबाचं आणि रिटर्न भरण्याचं. कोर्टात आम्ही उभे राहत नाही. तरी आंब्याचा हंगाम हातचा गेला, ट्रॉलरचं इंजिन बसलं, की पहिला फोन आम्हालाच येतो: ‘दिवाळं काढायचं तर वकील कोण बघू?’ वकिलांना स्वतःची जाहिरात करायला बार कौन्सिलची मनाई आहे, त्यामुळे जाहिरात बघून निवड होत नाही. आम्हीही इथे कुणाचं नाव देत नाही. पारख कशी करायची तेवढं सांगतो.

आधी कर्जदार कोण ते बघा. धंदा तुमच्या एकट्याच्या नावावर किंवा भागीदारीत असेल, तर आपल्याकडे अजून १९२० चा प्रांतिक नादारी (म्हणजे दिवाळखोरी) कायदाच चालतो. अर्ज जिल्हा न्यायालयात जातो: सिंधुदुर्गाचा ओरोसला, रत्नागिरीचा रत्नागिरीत, रायगडचा अलिबागला. २०१६ ची नवी दिवाळखोरी संहिता कंपन्यांना आणि कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांना लागते; ते काम मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणात चालतं. म्हणून वकिलाला पहिला प्रश्न हाच, ‘माझं प्रकरण कुठल्या कायद्यात आणि कुठल्या कोर्टात?’ चार खोल्यांच्या होमस्टेवाल्याला कुणी न्यायाधिकरणाच्या गोष्टी सांगू लागला, तर चहा घ्या आणि उठा.

दुसरं, कर्ज कुणाचं? खरं सांगायचं तर आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांना नादारीच्या अर्जाची गरजच नसते. बँकेने सरफेसी कायद्याची (२००२; बँकेला कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊ देणारा कायदा) नोटीस दिली असेल तर पैसे भरायला ६० दिवस मिळतात. पुढे ताब्याची कारवाई झाली तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते. शेतजमिनीच्या तारणाला तो कायदा लागत नाही. बाग खरोखर शेतजमीन असेल आणि तशी वापरात असेल, तर हा मुद्दा ज्याला स्वतःहून सुचतो तो वकील कामाचा. पतसंस्थेची वसुली वेगळ्या वाटेने येते. तिथे सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला असतो, आणि त्याला सहकारातला मुरलेला वकील लागतो. विनापरवाना सावकार असेल तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली सहकार निबंधकांकडे तक्रार करता येते. वाशीच्या बाजारातल्या दलालाकडून घेतलेली आगाऊ उचल बहुधा वहीतच असते. ती वही आम्हाला दाखवा. चेक बाऊन्सची फौजदारी केस मात्र नादारीच्या अर्जाने टळत नाही.

आता जामीनदार. कोकणात जामीन राहतो तो मामा, मेव्हणा, नाहीतर मुंबईचा चाकरमानी भाऊ. तुम्ही नादार ठरलात, पुढे कोर्टाने तुम्हाला कर्जातून मुक्तही केलं, तरी जामीनदार सुटत नाही. १९२० च्या कायद्यात तसं स्पष्ट लिहिलं आहे. बँक दुसऱ्या दिवशी त्याच्या पगाराकडे वळू शकते. पहिल्या भेटीत ‘जामीनदार कोण आहे?’ असं ज्याने विचारलं नाही, त्याने तुमचं प्रकरण नीट ऐकलेलंच नाही. सामाईक सातबाऱ्याचंही तसंच. उताऱ्यावर पंचवीस नावं, त्यात तुमचा हिस्सा किती, हे विचारणारा वकील हवा.

‘होडी बायकोच्या नावावर करा, मग अर्ज टाकू’ असं सांगणारे भेटतील. त्यांच्यापासून लांब राहा. नादारीचा अर्ज दाखल होण्याच्या आधीच्या दोन वर्षांत अशी फुकटात केलेली नावबदली, तुम्ही नादार ठरलात तर, कोर्ट रद्द करू शकतं. मालमत्ता लपवल्याचं सिद्ध झालं तर एक वर्षापर्यंत कैद आहे, आणि ती तुम्हाला, सल्ला देणाऱ्याला नाही. सरळ वाटेनेही बरंच वाचतं. स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची हत्यारं, धर्माच्या रिवाजाप्रमाणे बाईने अंगावरून उतरवू नये असा दागिना, यांवर जप्ती येत नाही.

आणखी एक कसोटी. नादारीचा अर्ज मंजूर झाला म्हणजे कर्ज संपलं असं नाही. कोर्टाने ठरवून दिलेल्या मुदतीत मुक्ततेचा वेगळा अर्ज करावा लागतो. तो राहिला तर नादारीचा आदेशच रद्द होतो. त्या अर्जाबद्दल वकिलाला विचारा आणि उत्तर किती सहज येतं ते बघा. न्यायालयांच्या ई-कोर्ट्स ॲपवर वकिलाच्या नावाने त्याच्या केसेसही शोधता येतात.

फी आधी ठरवा. टायपिंग, कोर्ट फी, तारखेला जाण्यायेण्याचा खर्च धरून कागदावर लिहून घ्या. ‘जेवढं वाचवीन त्यातले इतके टक्के’ हा सौदा वकिलांच्या नियमांत बसत नाही. कोऱ्या कागदावर सही नको. मूळ कागद शक्यतो देऊ नका, दिलेत तर पोच घ्या. फी थकली म्हणून वकिलाला तुमची फाईल अडवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगून ठेवलं आहे. फी झेपत नसेल तर मोफत वकिली मदत देणाऱ्या तालुका विधी सेवा समितीकडे जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

वकिलाकडे जाण्याआधी, तुम्ही कुणाकुणाचं किती देणं लागता, त्याची यादी आमच्याकडून करून घ्या. आमच्या ग्राहकांना त्याचे पैसे पडत नाहीत. येताना नोटिसा पाकिटासकट आणा. पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का लागतो, नोटीस कधी मिळाली हे पुढे त्यावरूनच दाखवावं लागतं.