नवा राऊटर घेण्याआधी घराच्या भिंती बघा
ग्राहकांसाठी माहितीपत्रक, चिपळूण

नमस्कार मंडळी,

"नेट फार स्लो झालंय, चांगलासा राऊटर द्या," असं म्हणत दुकानात रोज कुणीतरी येतं. राऊटर, म्हणजे घरभर वायफाय पसरवणारं यंत्र, विकणं हा आमचा धंदाच आहे. तरीही घराची चौकशी न करता डबा हातात द्यायला आमचं मन घेत नाही. चिपळूण आणि आजूबाजूच्या वाड्यांमधून फायबर आणि वायफायची कामं करताना आम्ही पुन्हा पुन्हा हेच पाहिलं आहे, की जुना राऊटर ठणठणीत असतो आणि तो ठेवलेली जागा चुकलेली असते. म्हणून हे पत्रक आधी वाचा, मग दुकानात या.

आधी एक चाचणी

फोन घेऊन राऊटरच्या अगदी शेजारी उभे राहा आणि स्पीड टेस्ट करा. मग जिथे नेट अडकतं त्या खोलीत जाऊन तीच टेस्ट पुन्हा करा. राऊटरजवळ वेग पुरेपूर मिळतोय आणि आतल्या खोलीत पडतोय, तर प्रश्न जागेचा किंवा भिंतींचा आहे. राऊटरजवळसुद्धा वेग कमीच असेल, तर लाइन, प्लॅन, वायर किंवा राऊटर यांपैकी कशात तरी दोष आहे. या पाच मिनिटांत पुढचा बराच खर्च वाचतो.

वेग एमबीपीएसमध्ये मोजतात, म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट त्यात. फोनवर फाइल उतरताना दिसतात ते बहुतेकदा मेगाबाइट. आठ बिटचा एक बाइट होतो, त्यामुळे १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर फाइल सेकंदाला साडेबारा मेगाबाइटने उतरली तर तो पुरा वेग झाला. त्यात कुणी तुम्हाला फसवलेलं नाही.

जांभा, स्लॅब आणि लोखंडी कपाट

आपल्याकडची जुनी घरं चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची. नऊ इंच, कुठे फूटभर जाडीची भिंत. वायफायची लहर अशी एक भिंत कशीबशी ओलांडते आणि दुसरीशी दमते. पावसाळ्यात चिरा ओल धरतो आणि पाणी या लहरी शोषून घेतं, त्यामुळे मे महिन्यात माजघरात येणारी रेंज जुलैत येईलच असं नाही. नव्या घरांत स्लॅबमधल्या सळ्या आड येतात. लोखंडी कपाट, फ्रिज, मोठा आरसा यांच्या मागे तर सावलीच पडते.

गुहागरच्या वाटेवरच्या एका घरी आम्हाला बोलावलं होतं. मुलगा पुण्याच्या कंपनीचं काम माडीवर बसून करायचा आणि मीटिंग सुरू झाली की त्याचं चित्र थिजायचं. चार अँटेनांचा महागडा राऊटर मागवायचं ठरलं होतं. जुना राऊटर होता ओटीवरच्या शोकेसमध्ये, टीव्हीच्या मागे, त्याच्यावर विणलेला रुमाल. आम्ही दहा मीटर लॅन केबल (नेटची वायर) टाकली आणि तोच राऊटर जिन्याच्या तोंडाशी, डोक्याच्या उंचीवर भिंतीला लावला. त्या दिवसापासून मीटिंग अडकली नाही. नवा राऊटर त्यांनी घेतला नाही, आणि तो घेऊ नका असं आम्हीच सांगितलं.

म्हणून राऊटर घराच्या मध्याकडे, उंचावर आणि मोकळ्यावर हवा. शक्यतो दाराच्या रेषेत ठेवा, कारण दारातून लहर विनाअडथळा जाते. अँटेना सरळ उभ्या ठेवल्या की लहरी आडव्या पसरतात. काठी मेदूवड्याच्या भोकात उभी केली आहे अशी कल्पना करा. वडा जिथवर पसरलाय तिथवर रेंज, काठीच्या टोकावर आणि पायथ्याशी जवळजवळ काही नाही. माडीवर रेंज हवी असेल तर दोनपैकी एक अँटेना आडवी करून बघा.

खोक्यावरचे आकडे

राऊटरच्या खोक्यावर 'एसी १२००' वाचून वाटतं की बाराशेचा वेग मिळणार. वायफाय दोन प्रकारच्या लहरींवर (बँडवर) चालतं, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. हा आकडा म्हणजे २.४ चे ३०० आणि ५ चे ८६७ यांची कागदावरची बेरीज आहे. कुठलाही एक फोन ही बेरीज कधीच वापरत नाही.

खरा आकडा खोक्याच्या मागे बारीक अक्षरांत असतो, पोर्टचा. पुष्कळ स्वस्त राऊटरना वायर लावायची भोकं १०० एमबीपीएसचीच असतात. तुम्ही ३०० चा प्लॅन घेतलात तरी अशा पोर्टमधून चौऱ्याण्णव-पंचाण्णवच्या वर काही येत नाही. टेस्टमध्ये सतत ९४ च्या आसपास काटा अडकत असेल, तर आमच्याकडे येण्याआधी पोर्ट तपासा आणि केबलही. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात आणि गिगाबिटला (१००० एमबीपीएसला) आठही लागतात. एक तार जरी केबलच्या टोकाच्या क्लिपमध्ये नीट बसली नसेल, उंदराने कुरतडली असेल, तरी वेग गुपचूप शंभरावर येऊ शकतो. तिथे नवा राऊटर घेऊन काही होत नाही, क्लिप बदलली की काम होतं. १०० च्या वरच्या प्लॅनला गिगाबिट पोर्ट आणि कॅट ५ई किंवा कॅट ६ केबल, याच्याखाली जाऊ नका.

ड्युअल बँड घ्या, म्हणजे दोन्ही बँड असलेला. २.४ गिगाहर्ट्झ भिंती जास्त ओलांडतो, पण हळू असतो, आणि मायक्रोवेव्ह ओव्हन साधारण त्याच लहरींवर चालत असल्याने स्वयंपाकघराजवळ तो अडखळतो. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंतीपुढे लवकर हार मानतो. ज्या खोलीत राऊटर आहे तिथे टीव्ही आणि लॅपटॉप ५ वर ठेवा, दूरचे फोन २.४ वर. बरेच वायफाय कॅमेरे आणि स्मार्ट बल्ब फक्त २.४ वरच जोडले जातात. ते जोडताना दोन्ही बँडची नावं वेगळी ठेवली की डोकेदुखी टळते.

वायफायच्या पिढ्यांना ५, ६, ७ असे आकडे आहेत. वायफाय ६ घ्यावा का? नवाच घेताय आणि पाच-सहा वर्षं वापरणार आहात, घरात फोन, टीव्ही, कॅमेरे मिळून बरीच उपकरणं आहेत, तर घ्या. चार माणसं आणि शंभरचा प्लॅन असेल तर गिगाबिट पोर्टचा वायफाय ५ आमच्या मते पुरतो. वायफाय ७ साठी फोनही तसाच लागतो, नाहीतर जादा पैसे पडून राहतात.

मोठ्या घरासाठी स्वस्त रिपीटर आम्ही सहसा सुचवत नाही. एकाच बँडवर चालणारा रिपीटर ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो, त्यात वेग साधारण निम्मा होतो. केबल टाकता येत असेल तर मागच्या पडवीत दुसरा राऊटर ॲक्सेस पॉइंट मोडवर (फक्त वायफाय पसरवायला) लावणं सगळ्यात भरवशाचं. भिंती फोडायच्या नसतील तेव्हा मेश, म्हणजे वायफायनेच एकमेकांशी जोडलेले दोन-तीन राऊटर.

लावताना

फायबरसोबत आलेला डबा बहुधा स्वतःच राऊटरही असतो. त्याच्यामागे दुसरा राऊटर तसाच जोडला तर घरात दोन कारभारी होतात आणि कॅमेरे, गेम, प्रिंटर रुसतात. दोघांपैकी एकालाच राऊटर राहू द्या.

जुना राऊटर काढण्याआधी त्यातलं कनेक्शनचं युजरनेम आणि पासवर्ड वहीत उतरवून घ्या. काही कनेक्शनना व्हीलॅनचा आकडाही (नेट कंपनीने ठरवलेला क्रमांक) लागतो. आणि कळकळीची विनंती, मागच्या बारीक भोकात टाचणी घालू नका. ते रीस्टार्ट नव्हे, रीसेट आहे. सगळी मांडणी पुसली जाते आणि दिवाळीच्या सुट्टीत ती पुन्हा भरून द्यायला कुणी सापडत नाही. रीस्टार्ट करायचं तर बटण बंद करा, अर्धा मिनिट थांबा, चालू करा.

मांडणीचं पान उघडायचा पत्ता राऊटरच्या पोटावरच्या स्टिकरवर असतो, बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१. ब्राउझरमध्ये तो इंग्रजी आकड्यांत टाइप करा. आत शिरताच पहिलं काम, कारखान्यातून आलेला ॲडमिन पासवर्ड बदलणं. हा वायफायच्या पासवर्डहून वेगळा ठेवा. सुरक्षेच्या पर्यायांत डब्ल्यूपीए ३ किंवा डब्ल्यूपीए २ निवडा, डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने झटपट जोडायची सोय) बंद करा, फर्मवेअर, म्हणजे राऊटरच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करून घ्या. जुना वायफाय पासवर्ड पुरेसा लांब असेल तर नवीन राऊटरला तेच नाव आणि तोच पासवर्ड द्या. घरातली बहुतेक उपकरणं आपोआप जोडली जातात, आजींचा फोन हातात घेऊन बसावं लागत नाही.

गणपतीत मुंबईची मंडळी आली की घरात पंधरा-वीस फोन वाढतात. त्यांच्यासाठी गेस्ट नेटवर्क सुरू करा. पाहुण्यांना नेट मिळतं, तुमचे कॅमेरे आणि कॉम्प्युटर वेगळे राहतात, आणि विसर्जनानंतर ते एका टिचकीत बंद करता येतं.

चॅनलचा, म्हणजे बँडमधल्या वेगवेगळ्या वाटांचा, विचार शहरातल्या बिल्डिंगवाल्यांनी करावा. २.४ वर १, ६ आणि ११ हे एकमेकांत न मिसळणारे चॅनल आहेत, त्यातला कमी गर्दीचा घ्या. वाडीत एकटं घर असेल तर सोडून द्या.

वीज आणि पाऊस

फायबरच्या काचेतून आकाशातली वीज येत नाही, पण ॲडॉप्टरमधून येते, आणि बाहेरच्या कॅमेऱ्यापर्यंत नेलेल्या तांब्याच्या लॅन केबलमधूनही येते. वळवाच्या आणि परतीच्या पावसात गडगडाट ऐकू आला की नुसता स्विच बंद करून भागत नाही. प्लग उपसा आणि बाहेरून आलेली लॅन केबलही काढा. जळालेले राऊटर आमच्याकडे याच दोन मोसमांत सर्वाधिक येतात.

लाइट वारंवार जात असेल तर मिनी यूपीएस (राऊटर चालू ठेवणारी छोटी बॅटरी) घ्या. फायबरचा डबा आणि राऊटर वेगळे असतील तर दोघांनाही बॅकअप हवा, एकट्या राऊटरला देऊन नेट चालणार नाही. ॲडॉप्टरवरचा व्होल्टचा आकडा तंतोतंत जुळला पाहिजे. नऊ व्होल्टच्या राऊटरला बाराचा ॲडॉप्टर लावाल तर तो जळू शकतो. अँपिअर मात्र लिहिल्यापेक्षा जास्त असले तर चालतात.

फायबरच्या डब्यावर एलओएसचा (सिग्नल येत नसल्याचा) लाल दिवा लागला, तर राऊटरला हात लावू नका. लाइन कुठेतरी तुटली किंवा फार वाकली आहे, बहुतेकदा फांदी पडून. आम्हाला फोन करा. त्या बारीक वायरीला खिळ्याभोवती गुंडाळू नका आणि सुटलेल्या टोकात डोळा लावून बघू नका.

दुकानात येताना तीन गोष्टी आणा: जुन्या राऊटरच्या पोटावरच्या स्टिकरचा फोटो, प्लॅनचा आकडा, आणि कागदावर पेनाने काढलेला घराचा साधा नकाशा. त्यात भिंत चिऱ्याची की विटांची ते लिहा आणि जिथे नेट अडकतं तिथे फुली मारा. नवा राऊटर लागणारच असेल, तर आमच्याकडचा एक राऊटर दोन दिवसांसाठी घरी लावून बघायला देतो. फुलीच्या जागी रेंज आली तर पैसे द्या, नाहीतर परत आणा. फोन नंबर पावतीवर आहे.