दरीत साचणारी थंडी

डिसेंबर लागला की ‘महाबळेश्वरात बर्फ पडला’ अशी बातमी येतेच. वेण्णा तलावाजवळ गाड्यांच्या टपांवर आणि गवतावर पांढरा थर दिसतो खरा, पण तो पडलेला बर्फ नव्हे. ते जागच्या जागी गोठलेलं दव आहे. त्याच पहाटे वर गावात पारा कितीतरी अंशांनी जास्त असतो. थंडीत गडांवर मुक्कामाला निघणाऱ्यांनी ही गंमत समजून घ्यावी, कारण तंबू कुठे ठोकायचा ते हिच्यावर ठरतं.

उंच जावं तसं दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंशांनी गार होतं, हे आपण शाळेत शिकलो. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री मात्र गणित उलटतं. जमीन सतत अवरक्त किरण सोडत असते. १० अंश तापमानाच्या जमिनीचा एक चौरस मीटर तुकडा साधारण ३६० वॉट ऊर्जा बाहेर टाकतो. आभाळ भरलेलं असेल, तर ढग स्वतःचे किरण सोडून जवळपास तेवढीच परत देतात. कोरड्या, मोकळ्या आभाळात ८ ते १३ मायक्रॉन तरंगलांबीच्या पट्ट्यात एक खिडकीच उघडी राहते. तिथे बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड फारसं शोषण करत नाहीत, फक्त ओझोन मध्ये थोडा आडवा येतो. उष्णता थेट अवकाशात जाते आणि जमिनीला रात्रभर तूट सोसावी लागते. म्हणून माणसाच्या उंचीवरच्या हवेत ४ अंश असतानाही गवताचं पातं शून्याखाली जाऊ शकतं.

जमिनीला टेकलेली हवाही गार होते, जड होते आणि पाण्यासारखी उतारावरून ओघळत खोलगटात साचते. खाली गार आणि वर उबदार, अशा या उलट्या थराला तापमानाची विपरीतता म्हणतात. निफाड समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर, महाबळेश्वर १,३०० मीटरच्याही वर. तरी पुष्कळदा निफाडचाच पारा खाली असतो! तिथले द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ते याच साचलेल्या थंडीशी झुंजण्यासाठी.

‘चांदणं बाधतं’ असं घरोघरी सांगतात. बिचाऱ्या चंद्राचा यात काही संबंध नाही. चांदणं लख्ख पडतं तेव्हा आभाळ मोकळं असतं, एवढंच.

तेव्हा तंबू ओढ्याकाठी किंवा तळ्याच्या खोलगटात नको. उताराच्या मधल्या टप्प्यावर सपाट जागा शोधावी, जमल्यास झाडाखाली, कारण फांद्याही किरण परत देतात. अगदी माथ्यावर वारा झोडपतो. चढताना घामाने भिजलेला सुती शर्ट मुक्कामाला पोचल्याबरोबर बदलावा.

पहाटे कळसूबाईवरून खाली पाहिलंत आणि दरीत धुक्याचं सपाट तळं दिसलं, तर त्याचा वरचा काठ नीट न्याहाळा. साचलेली गार हवा साधारण तिथवर भरलेली असते. ऊन जमिनीला लागलं की नऊ-दहाच्या सुमारास तो काठ फाटू लागतो.