मालवाहू ई-सायकल आणि सोलर ट्रॉलीचं वर्कशॉप सोलापुरात काढायचंय? कागदांचा क्रम आधी नीट लावा

सकाळी दहाच्या सुमारास अशोक चौकाकडून साखर पेठेत शिरलं की टॉवेलचे गठ्ठे लादलेल्या सायकली, हातगाड्या आणि छोटे टेम्पो एकाच गल्लीत अडकलेले दिसतात. कारखाना ते प्रोसेस हाऊस, प्रोसेस हाऊस ते दुकान, सगळी अंतरं दोन-चार किलोमीटरची. रस्ते बऱ्यापैकी सपाट, आणि उन्हाची तर इथे कधीच कमी नाही. मालवाहू ई-सायकलीला आणि तिच्यामागे ओढायच्या, सोलर पॅनेल बसवलेल्या ट्रॉलीला याहून सोयीचं शहर कुठलं? म्हणूनच वेल्डिंग येणारी, मोटर-कंट्रोलर जोडता येणारी पोरं विचारत येतात, "दादा, कर्ज काढून वर्कशॉप टाकू का?"

टाका. पण कागद कोणत्या क्रमाने काढायचे ते आधी समजून घ्या. मी तो क्रम चुकवला. सायकल-दुरुस्तीच्या छोट्या दुकानासाठी उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची केंद्र सरकारकडची नोंदणी) आणि शॉप अ‍ॅक्टचा कागद मी आधीच काढून ठेवला होता. दोन वर्षांनी पीएमईजीपीची, म्हणजे नव्या उद्योगाला कर्जासोबत सबसिडी देणाऱ्या केंद्राच्या योजनेची, फाईल घेऊन बँकेत गेलो, तेव्हा तोच कागद पुढे करून शाखेने सांगितलं, "तुमचं युनिट आधीपासून चालू आहे, ही योजना नव्या उद्योगाला आहे." नियम तसाच आहे, त्यामुळे भांडायला जागा नव्हती. शेवटी मुद्रा कर्जावर काम सुरू केलं, पण सबसिडी हातची गेली ती गेलीच. तुमची जाऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी गाडी कायद्यात कुठे बसते ते ठरवा

प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये एक रुपयाही लिहिण्याआधी हे ठरायला हवं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम २ (यू) मध्ये बॅटरीवर चालणाऱ्या वाहनाची व्याख्या आहे. मोटरची ३० मिनिटांची शक्ती (सलग अर्धा तास देता येईल एवढी) २५० वॅटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, बॅटरी सोडून रिकाम्या गाडीचं वजन ६० किलोपर्यंत, योग्य ब्रेक, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर, एवढ्या अटी पाळल्या तर ती गाडी 'मोटार वाहन' धरली जात नाही. मग आरटीओची नोंदणी नाही, नंबर प्लेट नाही, लायसन्स नाही. पायडल मारल्यावर मदत करणारी सायकल असेल तर आणखी एक अट आहे: वेग वाढेल तशी मोटरची मदत कमी होत जायला हवी आणि २५ च्या वेगाला, किंवा पायडल थांबताच, बंद पडायला हवी.

बहुतेक जण इथपर्यंतच वाचतात. त्याच नियमात पुढे म्हटलंय की या अटी नियम १२६ मधल्या चाचणी संस्थेने तपासून मान्य केलेल्या असाव्यात. मोटरवर '२५० वॅट' असं स्टिकर आहे म्हणून ती २५० वॅटची ठरत नाही. आपल्याला जवळच्या अशा संस्था पुण्यात आहेत, एआरएआय आणि सीआयआरटी. म्हणजे स्वतः बनवलेली ई-सायकल विकायची असेल तर पुण्याची वारी आणि चाचणीचा खर्च धरावाच लागतो. दोन्हीकडून लेखी कोटेशन मागवा आणि ते प्रोजेक्ट रिपोर्टला जोडा. बँकेच्या अधिकाऱ्याला त्यावरून कळतं की समोरच्या माणसाला आपला धंदा माहीत आहे.

इथे 'कस्टम' या शब्दाचा पेच येतो. गिऱ्हाइकाला हवी तशी, प्रत्येक वेळी वेगळी गाडी बनवायला आपल्याला आवडतं, पण चाचणी होते ती ठरलेल्या मॉडेलची. माझं मत असं की चासी, मोटर, कंट्रोलर आणि ब्रेक एकच ठेवा आणि बदल करायचा तो पुढच्या-मागच्या खोक्यात करा. टॉवेलवाल्याला लांब सपाट फळी, कडक भाकरी आणि शेंगा चटणी पोचवणाऱ्याला बंद पेटी, भाजीवाल्याला जाळी. खोका बदलला तरी मॉडेल तेच धरलं जाईल का, हे चाचणी संस्थेला आधीच लेखी विचारून ठेवा.

ट्रॉलीचं गणित याच्याशीच जोडलेलं आहे. मोटार वाहन कायद्यातली 'ट्रेलर'ची व्याख्या मोटार वाहनाने ओढायच्या वाहनापुरती आहे. सायकल २५० वॅटच्या आत असून मोटार वाहन ठरत नसेल, तर मागची सोलर ट्रॉलीही त्या व्याख्येत येत नाही. सायकलीला ५०० वॅटची मोटर बसवली की सायकल मोटार वाहन होते आणि तिच्या मागची ट्रॉलीही कायद्याने ट्रेलर ठरते. नोंदणी, विमा, लायसन्स सगळं एकदम मागे लागतं. तीनचाकी ई-कार्ट हा तर वेगळाच वर्ग आहे. त्याला ४००० वॅटपर्यंत मुभा असली तरी नोंदणी लागतेच, आणि छोट्या वर्कशॉपने पहिल्याच वर्षी त्या वाटेला जाऊ नये असं मला वाटतं.

दुरुस्तीच्या कामातही हीच रेघ पाळावी लागते. "जरा पळत नाही, मोठी मोटर टाकून द्या," असं गिऱ्हाईक म्हणेलच. नाही म्हणा. नोंदणी असलेल्या वाहनात परवानगीशिवाय बदल केला तर कलम १८२ अ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. बिननोंदणीच्या सायकलीला मोठी मोटर टाकली तर ती रस्त्यावरचं बेकायदा वाहन होते, आणि अपघात झाला तर विमा नावाची गोष्टच नसते. २०२२ साली राज्याच्या परिवहन विभागाने अशा बदललेल्या ई-बाइकविरुद्ध मोहीमही काढली होती.

पीएमईजीपी: कोणाला मिळते, किती मिळते

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम २००८ पासून आहे. वय १८ पूर्ण हवं, वरची मर्यादा नाही, उत्पन्नाचीही अट नाही. उत्पादनाचा प्रकल्प १० लाखांच्या वर किंवा सेवेचा ५ लाखांच्या वर असेल तर किमान आठवी पास हवं. एका कुटुंबात, म्हणजे नवरा-बायको मिळून, एकालाच लाभ. युनिट नवं हवं आणि त्यावर दुसरी कोणती सरकारी सबसिडी घेतलेली नसावी. २०२२ च्या सुधारणेनंतर उत्पादनाला ५० लाखांपर्यंत आणि सेवेला २० लाखांपर्यंतचा प्रकल्प चालतो. दुरुस्ती ही सेवा, बनवणं हे उत्पादन. दोन्ही करणार असाल तर मुख्य काम कोणतं ते रिपोर्टमध्ये स्वच्छ लिहा. पहिल्या वर्षी कमाई दुरुस्तीतून आणि ट्रॉलीच्या फॅब्रिकेशनमधून येते, असा माझा अनुभव आहे.

सबसिडी, म्हणजे मार्जिन मनी, तुम्ही कोण आहात आणि युनिट कुठे आहे यावर ठरते. सर्वसाधारण गटाला शहरात १५ टक्के, ग्रामीण भागात २५ टक्के. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, महिला, माजी सैनिक, दिव्यांग यांना शहरात २५ आणि ग्रामीण भागात ३५ टक्के. स्वतःचा वाटा पहिल्या गटाला १० टक्के, दुसऱ्याला ५ टक्के.

८ लाखांचा प्रकल्प धरू. महापालिका हद्दीत, सर्वसाधारण गटातल्या पुरुषाने अर्ज केला तर त्याचे स्वतःचे ८० हजार, सबसिडी १ लाख २० हजार, आणि शेवटी अंगावर राहणारं कर्ज ६ लाख. तेच वर्कशॉप कुंभारीसारख्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत, बाईच्या नावाने आणि खरोखर तिनेच चालवायचं ठरवलं, तर स्वतःचे ४० हजार, सबसिडी २ लाख ८० हजार आणि कर्ज ४ लाख ८० हजार. रे नगरच्या घरकुलांत राहणाऱ्या विडी कामगारांच्या कितीतरी मुली आयटीआय शिकलेल्या आहेत. त्यांच्यापैकी कोणी बॅटरी आणि वायरिंगच्या कामात उतरली तर मला मनापासून आनंद होईल. नुसतं नाव बाईचं आणि धंदा दुसऱ्याचा असं मात्र करू नका, पुढे प्रत्यक्ष पडताळणी होते.

जागेची किंमत प्रकल्पात धरता येत नाही. भाड्याची शेड असेल तर जास्तीत जास्त तीन वर्षांचं भाडं धरता येतं.

कागद

आधार, पॅन, फोटो, शिक्षणाचा सर्वांत वरचा दाखला, विशेष गटातून अर्ज असेल तर जातीचा किंवा दिव्यांगत्वाचा दाखला, ग्रामीण युनिट असेल तर ग्रामपंचायतीचा ग्रामीण क्षेत्राचा दाखला, आणि प्रोजेक्ट रिपोर्ट. यादी छोटी आहे, तरी फायली अडतात, कारण नावं जुळत नाहीत. आपल्या पूर्व भागात तर हे फारच होतं. तेलुगू आडनाव आधारवर एका स्पेलिंगने, शाळेच्या दाखल्यावर दुसऱ्या आणि पॅनवर तिसऱ्या. अर्ज भरायच्या महिनाभर आधी हे सगळं एकसारखं करून घ्या.

प्रोजेक्ट रिपोर्ट तयार छापील नमुन्यातून उचलू नका. वेल्डिंग मशीन, पाइप वाकवायचं यंत्र, ड्रिल, सेलसाठी स्पॉट वेल्डर, बॅटरी टेस्टर, प्रत्येकाचं कोटेशन जीएसटीसह लावा. बॅटरीचं काम करणार असाल तर वाळूच्या बादल्या, अग्निशामक आणि बॅटरी ठेवायची वेगळी हवेशीर जागा, याचाही खर्च लिहा. एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या शेडमध्ये लिथियम बॅटरी चार्जिंगला लावून घरी जाणं म्हणजे आगीला आमंत्रण.

रिपोर्टमध्ये थोडं गणितही दाखवा. ४८ व्होल्ट, १५ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ७२० वॅट-अवर. लादलेल्या सायकलीला किलोमीटरमागे साधारण १८ वॅट-अवर धरले तर चाळीस किलोमीटर होतात. ट्रॉलीवरचं २०० वॅटचं पॅनेल पाच तासांच्या चांगल्या उन्हात कागदावर १००० वॅट-अवर देतं; पॅनेल तापल्याने होणारी घट, धूळ आणि कंट्रोलरमधली गळती वजा केली की ७०० च्या आसपास हातात येतात. पॅनेल २५ अंशांच्या वर तापलं की दर अंशाला सुमारे ०.४ टक्के उत्पादन घटतं. म्हणून सोलापूरच्या उन्हाळ्यात पॅनेलखालून वारा खेळेल अशी फ्रेम बनवा, पत्र्यावर चिकटवू नका.

अर्ज आणि बँक

अर्ज खादी आयोगाच्या पीएमईजीपी ई-पोर्टलवर ऑनलाइनच भरायचा, तो मोफत आहे. एजंटला पैसे देऊ नका, योजनेत एजंट नाहीतच. अर्जात यंत्रणा निवडावी लागते: खादी आयोग, राज्याचं खादी व ग्रामोद्योग मंडळ किंवा जिल्हा उद्योग केंद्र. बँकेची शाखाही तुम्हीच निवडता, तेव्हा जिथे तुमचं खातं नियमित चालतं तीच घ्या. योजनेची मंजूर मुदत २०२५-२६ पर्यंतची होती, त्यामुळे चालू वर्षाचे अर्ज सुरू आहेत का ते पोर्टलवर आधी पाहा. राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमही जिल्हा उद्योग केंद्रातच चालतो. त्याला महाराष्ट्राचा अधिवास लागतो, त्याची चौकशीही त्याच फेरीत करा.

यंत्रणा छाननी करून अर्ज बँकेकडे पाठवते आणि कर्ज देण्याचा निर्णय बँक घेते. १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तरी कोणी मागितलंच तर शांतपणे लेखी विचारा. मंजुरीनंतर उद्योजकता प्रशिक्षण आणि स्वतःचा वाटा भरणं, मग रक्कम सुटते. सोलापूरची अग्रणी बँक बँक ऑफ इंडिया आहे, तिच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत मोफत प्रशिक्षण मिळतं.

उद्यम नोंदणी आणि शॉप अ‍ॅक्ट आता, मंजुरीनंतर काढा. उद्यम मोफत आहे. त्यात धंद्याचा वर्गीकरण क्रमांक निवडावा लागतो, तिथे सायकल निर्मितीचा गट ३०९२ आणि सायकल दुरुस्ती येते तो ९५२९ पाहा. वीसपेक्षा कमी कामगार असतील तर शॉप अ‍ॅक्टखाली नोंदणी नाही, फक्त सूचना द्यायची, धंदा सुरू झाल्यापासून ६० दिवसांत. जीएसटी वस्तूंना ४० लाख आणि सेवेला २० लाख उलाढालीनंतर लागतो. ई-सायकलीवर ५ टक्के आणि लिथियम बॅटरीवर १८ टक्के असा फरक असल्याने जादा भरलेल्या कराचा परतावा मागता येतो, सीएला आठवण करून द्या. स्वतःच्या ब्रँडने बॅटरी विकायची असेल तर २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांखाली तुम्ही उत्पादक ठरता आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी लागते. जुन्या बॅटऱ्या भंगारवाल्याला देऊ नका, अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यालाच द्या आणि पावती ठेवा.

ज्यांचं दुकान माझ्यासारखं आधीच चालू आहे, त्यांना मुद्रा आहे: किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत. परंपरेने लोहारकाम करणाऱ्यांना पीएम विश्वकर्मामध्ये १५,००० रुपयांचं टूलकिट आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, मग २ लाख मिळतात. पण तिथे मागच्या पाच वर्षांत पीएमईजीपीसारखं कर्ज घेतलेलं नसावं, म्हणून कोणती योजना घ्यायची ते आधीच ठरवा.

पीएमईजीपीची सबसिडी लगेच हातात येत नाही. ती तीन वर्षं बँकेत मुदत ठेवीसारखी राहते. तिच्यावर व्याज मिळत नाही आणि तेवढ्या कर्जावर व्याज लागतही नाही. पडताळणीनंतर ती कर्जात वळती होते. तोवर युनिट चालू हवं, दारावर योजनेचा फलक हवा, आणि कोटेशनमध्ये लिहिलेलं प्रत्येक यंत्र बिलासकट जागेवर हवं. मशीनचे नंबर बिलावर घालून घ्या, पडताळणीला आलेला माणूस तेच जुळवून पाहतो.